बेरियाट्रिक ऑपरेशन: क्लेम होईल की कर्ज काढावं लागेल?

बेरियाट्रिक म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटावर करायचं ऑपरेशन. त्याबद्दल ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, उंची १६२ सेंटिमीटर, वजन १०१ किलो. मधुमेह आहे, दोन गोळ्या चालू आहेत. ठाण्यातल्या सर्जननी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून ते लहान करायचं ऑपरेशन) सुचवली आहे. हॉस्पिटलने सव्वाचार लाखांचं पॅकेज सांगितलं आणि तिथल्या तिथे ‘नो कॉस्ट ईएमआय’चा फॉर्मही पुढे केला. मिस्टरांच्या कंपनीची ५ लाखांची ग्रुप पॉलिसी आहे, त्यात ताईंचं नाव आहे. स्वतःची ५ लाखांची पॉलिसी घेऊन दोन वर्षं झाली आहेत. थोडी एफडी आहे. तर ईएमआय घ्यावा, एफडी मोडावी की क्लेम टाकावा?

ताई, पैसे कुठून आणायचे हा तुमच्यापुढचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की आज तुमच्या हातात असलेल्या कागदांवर विमा कंपनी हे ऑपरेशन मान्य करेल का. त्याचं उत्तर मिळेपर्यंत ईएमआयच्या फॉर्मवर सही करू नका आणि एफडीलाही हात लावू नका. हे ऑपरेशन ठरवून करायचं असतं. कागद नीट लावण्यात तीन-चार आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही, पण चुकीच्या क्रमाने गेलात तर लाख-दीड लाखाचा फटका बसू शकतो. तुमच्या तब्येतीला उशीर चालेल का, हे मात्र सर्जनना आणि फिजिशियनना स्पष्ट विचारून घ्या.

सगळ्यात मोठा गोंधळ ‘पात्र’ या शब्दाचा होतो. सर्जन म्हणतात तुम्ही ऑपरेशनला पात्र आहात, आणि ते बरोबरच आहे. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी दिलेल्या मार्गदर्शनात बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसतानाही ऑपरेशनची शिफारस आहे, आणि आशियाई लोकांसाठी मर्यादा त्याहूनही खाली आहे. विमा कंपनी मात्र तो कागद बघत नाही. ती बघते पॉलिसीतला ‘लठ्ठपणा व वजन नियंत्रण’ हा क्लॉज, म्हणजे कलम. विमा नियामक संस्था आयआरडीएआयने २०१९ मध्ये त्याचे शब्द सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखे करून दिले. त्यानुसार ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्याने हवं, त्याला वैद्यकीय निकषांचा आधार हवा, वय १८ किंवा त्याहून जास्त हवं, आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. बीएमआय ३५ ते ४० च्या मधे असेल, तर चारपैकी एक आजार असावा लागतो: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, तीव्र स्वरूपाचा, झोपेत श्वास अडकण्याचा आजार म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, किंवा नियंत्रणात नसलेला टाइप २ मधुमेह. शिवाय वजन कमी करायचे साधे उपाय करून झाले आणि उपयोग झाला नाही, हे दिसलं पाहिजे. या सगळ्या अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात.

तुमचा बीएमआय येतो ३८.५. म्हणजे तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात आणि तुमचं सगळं प्रकरण चौथ्या आजारावर उभं आहे. गुडघेदुखी, पीसीओएस, ब्लडप्रेशर, फॅटी लिव्हर हे सगळे खरे त्रास आहेत, ऑपरेशनची खरी कारणंही आहेत, पण त्या चारांच्या यादीत ते नाहीत. ‘गुडघे गेलेत, चालवत नाही’ एवढ्यावर पाठवलेली फाईल ३८ बीएमआयला परत येते, आणि माणसाला वाटतं कंपनीने फसवलं.

आता ‘नियंत्रणात नसलेला’ या शब्दांकडे या. क्लॉजमध्ये आकडा दिलेला नाही, त्यामुळे वाद इथेच होतो. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ च्या खाली असेल तर साधारणपणे मधुमेह ताब्यात आहे असं धरतात. तुमचा ताजा आकडा ६.८ असेल, तर मधुमेहाच्या जोरावर क्लेम पास होणं कठीण आहे. दोन गोळ्या नियमित घेऊनही ८ च्या वर असेल आणि तीन-तीन महिन्यांच्या अंतराने घेतलेले दोन-तीन रिपोर्ट तेच सांगत असतील, तर बाजू भक्कम आहे. फिजिशियनकडून एक पत्र घ्या. मधुमेह कधीपासून आहे, कोणती औषधं किती डोसने चालली, ती कधी वाढवली, तरी साखर का आवरत नाही, हे त्यात तारखांसह हवं. एका ओळीचं ‘मधुमेह आहे, ऑपरेशन आवश्यक’ असं पत्र काही कामाचं नाही.

आणि कळकळीने सांगतो, आकडा वाढवून दाखवायला गोळ्या बंद करू नका. साखर चढलेली असताना भूलतज्ज्ञ केस पुढे ढकलतात, जखम भरायला वेळ लागतो, इन्फेक्शनचा धोका वाढतो. मधुमेह ताब्यात असेल तर ती चांगली बातमी आहे, मग दुसरा दरवाजा तपासू.

दुसरा दरवाजा म्हणजे झोप. घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून जागं होणं, सकाळी डोकं जड, दुपारी बसल्या बसल्या डुलकी, यातलं काही असेल तर स्लीप स्टडी करून घ्या. एका तासात श्वास किती वेळा अडतो त्याचा आकडा रिपोर्टवर येतो. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि त्यावर तीव्र. क्लॉजमध्ये ‘तीव्र’ हाच शब्द आहे, म्हणून २४ आला तर क्लेमला आधार मिळत नाही. तरी ही चाचणी वाया जात नाही, कारण भूल देण्याआधी हा आजार माहीत असणं तुमच्याच जिवाच्या सोयीचं आहे.

साधे उपाय फसले याचा पुरावा बहुतेकांकडे नसतो, खरे प्रयत्न केलेले असूनही नसतो. आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, त्यावरच्या वजनाच्या नोंदी, जिमच्या पावत्या, वजनासाठी घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शनांची बिलं, सगळं शोधा. टिर्झेपटाइड किंवा सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेऊन सोडलं असेल तर ते का सोडलं, हेही फिजिशियननी लिहावं: उलट्या झाल्या, परवडलं नाही, की वजन परत आलं. काहीच कागद नसतील तर आजपासून आहारतज्ज्ञांकडे महिन्याला एक नोंद सुरू करा. अशा नोंदी किती महिन्यांच्या हव्यात ते क्लॉज सांगत नाही, पण सहा महिन्यांची सलग नोंद असेल तर सहसा कंपनीकडून क्वेरी, म्हणजे जादा विचारणा, येत नाही.

एक बारीक गोष्ट, जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, जास्त प्रथिनांचा आहार देतात. यकृत आक्रसलं की दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते, म्हणून. त्यात तीन-चार किलो सहज उतरतात. आता ज्यांचा बीएमआय पहिल्या भेटीत ४०.५ होता, त्यांच्या अ‍ॅडमिशनच्या कागदावर ३९ लागतो आणि कंपनी विचारते, अट कुठे पूर्ण झाली? ३५ च्या काठावर असलेल्यांचंही तसंच होतं. म्हणून पहिल्या ओपीडीची उंची, वजन, तारीख आणि सही असलेला कागद प्री-ऑथच्या (ऑपरेशनआधी कंपनीकडून घ्यायच्या मंजुरीच्या) फाईलमध्ये वर लावायचा, आणि मधलं वजन आहारामुळे उतरलं हे सर्जननी लिहायचं. उंचीही बुटांशिवाय, एकाच ठिकाणी मोजलेली बरी. १६२ ऐवजी कुठे १६५ लागली तर १०१ किलोचा बीएमआय ३७.१ होतो आणि दोन कागद एकमेकांशी भांडतात.

‘हर्निया दाखवून करून टाकू’ असं कोणी सुचवलं तर तिथून उठा. पोट कापून लहान केल्याची नोंद ऑपरेशन नोटमध्ये, स्टेपलरच्या (जठर कापून टाके घालणाऱ्या उपकरणाच्या) बिलात आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये राहतेच. खोटं निदान सापडलं तर क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि मग चाळिशीत मधुमेहासह नवी पॉलिसी मिळवत फिरायचं.

आता दोन पॉलिसींचं बघू. सुरुवात कंपनीच्या पॉलिसीपासून करा. ग्रुप पॉलिसीत जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ (क्लेम मिळायला लागेपर्यंत थांबायचा काळ) बऱ्याचदा माफ असतो, म्हणजे दोन वर्षं झाली की तीन हा हिशेबच येत नाही. पण बेरियाट्रिकबद्दल प्रत्येक कंपनीने काय ठरवून घेतलंय ते वेगळं असतं. कुठे पूर्ण रक्कम, कुठे ठरावीक मर्यादा, कुठे वगळलेलं. एचआरच्या तोंडी ‘हो, कव्हर आहे’वर विसंबू नका. मिस्टरांना सांगा, एचआरला मेल करून त्या वर्षाच्या पॉलिसीचे पूर्ण शब्द मागवा आणि तीन गोष्टी लेखी विचारा: लठ्ठपणाच्या ऑपरेशनला मर्यादा किती, खोलीच्या भाड्याची मर्यादा किती, आणि जोडीदाराच्या क्लेमला को-पे (बिलाचा आपण भरायचा ठरावीक हिस्सा) आहे का. मिस्टर नोकरी बदलायच्या विचारात असतील तर ऑपरेशन त्याआधी व्हायला हवं. नोकरी सुटली की संरक्षण साधारणपणे शेवटच्या दिवशीच थांबतं, आणि नंतर काही गुंतागुंत होऊन पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर तो खर्च तुमच्या अंगावर येतो.

तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत दोन प्रतीक्षाकाळ तपासा: आधीपासूनच्या आजारांचा, आणि बेरियाट्रिकचा वेगळा असेल तर तो. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपेक्षा जास्त थांबवता येत नाही, कमी असू शकतं. तुमची दोन वर्षं झाली आहेत, म्हणजे कदाचित वर्षभराने हीच पॉलिसी कामाला येईल. मात्र पॉलिसी घेताना प्रपोजल फॉर्ममध्ये वजन आणि मधुमेह खरा लिहिला होता का? एजंटने ७८ किलो लिहून टाकलं असेल तर आत्ताच कंपनीला कळवून दुरुस्त करून घ्या. प्रीमियम वाढेल, पण क्लेमच्या वेळी तोंडघशी पडणार नाही. दोन्ही पॉलिसी लागू होत असतील तर आधी एकीवर क्लेम करून उरलेली रक्कम दुसरीवर मागता येते. पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या प्रमाणित प्रती त्यासाठी जपून ठेवा.

समजा क्लेम मान्य झाला. तरी सव्वाचार लाख पूर्ण मिळतील असं धरू नका. सगळ्यात जास्त पैसे कापले जातात ते खोलीमुळे. पॉलिसीत खोलीची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का असेल तर तुम्हाला दिवसाला ५,००० ची खोली चालते. तुम्ही ८,००० ची घेतली, तर कंपनी नुसते रोजचे ३,००० कापत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्यावर आठाला पाच या प्रमाणात कात्री लागते. हे मिळून १,८०,००० होत असतील तर मिळतात १,१२,५००. म्हणजे ६७,५०० गेले, आणि तीन दिवसांच्या भाड्याचे ९,००० वेगळे. तीन रात्रींच्या मोठ्या खोलीसाठी ७६,५०० रुपये.

औषधं, कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून संपणाऱ्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कात्री लावता येत नाही, असा नियम आहे. स्लीव्हमध्ये हे फार महत्त्वाचं आहे, कारण बिलाचा मोठा हिस्सा स्टेपलर आणि त्याच्या काडतुसांचा (त्यात भरायच्या पिनांच्या पट्ट्यांचा) असतो. जठर कापत आणि शिवत वर जाताना एका पेशंटला साधारण पाच ते सात काडतुसं लागतात. पण हॉस्पिटलने ‘स्लीव्ह पॅकेज ४,२५,०००’ अशी एकच ओळ टाकली, तर काडतुसं वेगळी दिसत नाहीत आणि कात्री सगळ्यावर चालते. म्हणून पॅकेजची फोड लेखी मागा: खोली, सर्जन, भूल, थिएटर, स्टेपलर आणि काडतुसांची संख्या, औषधं, तपासण्या. सहाच्या वर काडतुसं लागली तर दर किती, आयसीयूची एक रात्र लागली तर किती, तेही विचारा. डिस्चार्जच्या वेळी काडतुसांचे बारकोड स्टिकर केसपेपरवर चिकटवलेत ना, हे बघून घ्या. ते नसले तर स्टेपलरचं बिल अडकतं.

रोबोटिकचा आग्रह झाला तर थांबून विचार करा. अनेक पॉलिसींत रोबोटिक सर्जरीला वेगळी मर्यादा असते, आणि वरचा लाख-दीड लाख तुमच्या खिशातून जातो. तुमच्या बीएमआयला साध्या दुर्बिणीने स्लीव्ह करणं अनुभवी सर्जनसाठी नित्याचं काम आहे. रोबो हवाच असं सर्जन म्हणत असतील तर वैद्यकीय कारण विचारा. हातमोजे, मास्क, पोटाचा पट्टा असल्या वस्तूंचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. ही रक्कम काही हजारांची असते, तिच्यावर डोकं खपवू नका.

पॅकेजच्या बाहेरचा खर्च मात्र आत्ताच मांडा, कारण लोक कर्ज काढताना नेमका तोच विसरतात. ऑपरेशननंतर मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह, बी१२, डी जीवनसत्त्व आणि सुरुवातीला प्रोटीन पावडर. पहिल्या वर्षी महिन्याला दोन ते चार हजार धरून चाला. गोळ्या पुढेही सुटत नाहीत. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी रक्ततपासण्या, मग दरवर्षी. डिस्चार्जनंतर ६० किंवा ९० दिवसांच्या तपासण्या आणि डॉक्टरांची फी पॉलिसीतून मिळते, प्रोटीन पावडर सहसा मिळत नाही. झपाट्याने वजन उतरल्यावर पित्ताशयात खडे होऊ शकतात. लोंबणाऱ्या कातडीचं ऑपरेशन कॉस्मेटिक धरलं जातं, ते विम्यात बसत नाही. आणि शंभरात एखाद्याला टाक्यांच्या रेषेतून गळती होते, तेव्हा आठवडे हॉस्पिटलात जातात आणि बिल मूळ पॅकेजच्याही पुढे जातं. म्हणून विम्यात शिल्लक रक्कम आणि हाताशी किमान लाखभर रुपये मोकळे असल्याशिवाय तारीख घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. एफडीचा शेवटचा रुपया पॅकेजमध्ये घालणं म्हणूनच धोक्याचं.

आता ईएमआय. ‘नो कॉस्ट’ म्हणजे व्याज कुठेतरी दुसरीकडे बसवलेलं असतं. कॅश काउंटरवर एकच प्रश्न विचारा: सगळे पैसे एकरकमी भरले तर पॅकेज किती? समजा ४,०५,००० सांगितले, तर २०,००० चा फरक हेच व्याज. त्यावर २ टक्के प्रोसेसिंग फी म्हणजे ८,५०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी १,५३०. एकूण ३०,०३०. बारा हप्त्यांत हे वर्षाला सुमारे १४ टक्के व्याजदराएवढं होतं. तुलनेसाठी बघा: ३ लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १०,२५० येतो आणि व्याजापोटी ६९,००० च्या आसपास जातात.

तुमच्याकडे एफडी आहे, म्हणून तुमच्यासाठी स्वस्त मार्ग एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तेवढे पैसे उचलणं, हा आहे. दर एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो, वापराल तेवढ्याच रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज लागतं, एफडी मोडावी लागत नाही. क्लेमचे पैसे आले की भरून मोकळं होता येतं. मिस्टरांच्या पीएफमधून आजारपणासाठी पत्नीच्या ऑपरेशनलाही पैसे काढता येतात. ते परत भरायचे नसतात, पण म्हातारपणाच्या पुंजीतून जातात, म्हणून तो पर्याय ओव्हरड्राफ्टच्या मागे ठेवा. ‘आता ईएमआय सुरू करा, रिएम्बर्समेंट (आपण भरलेल्या बिलाची कंपनीकडून परतफेड) आली की फेडा’ हा सल्ला घेऊ नका. कपात झाली तर हप्ते तसेच चालू राहतात.

कुठलीच पॉलिसी लागू होत नसेल, तर सर्जननाच विचारा की सरकारी किंवा पालिकेच्या मेडिकल कॉलेजमध्ये हे ऑपरेशन कोण करतं. मुंबईत तशी सोय आहे, ठाण्याहून-वाशीहून लोकलने जाऊन ओपीडी करता येते. तिथे फी नाममात्र, पण स्टेपलर आणि काडतुसं बऱ्याचदा स्वतः आणावी लागतात आणि नंबर लागायला महिने जातात.

कामाला लागायचं ते असं. या आठवड्यात एचआरकडून पॉलिसीचे शब्द, एचबीए१सी आणि गरज असेल तर स्लीप स्टडी. फिजिशियनचं पत्र आणि सर्जनची शिफारस हातात आली की हॉस्पिटलच्या टीपीए डेस्ककडून (विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या खिडकीवरून) प्री-ऑथ पाठवा, तेही अ‍ॅडमिशनच्या निदान आठवडाभर आधी. नियमाने कॅशलेसचा (बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला देण्याचा) निर्णय तासाभरात द्यायचा असतो, पण बेरियाट्रिकमध्ये एक क्वेरी येतेच असं धरून चाला. हॉस्पिटल नेटवर्कमध्ये नसेल तरी ४८ तास आधी कळवून कॅशलेस मागता येतं. पहिली मंजुरी बहुधा अर्धवट रकमेची असते, घाबरू नका, अंतिम बिलावर ती वाढवून मागतात. हॉस्पिटल डिपॉझिट मागेल, त्याची पावती आणि परतीची मुदत लिहून घ्या.

प्री-ऑथ नाकारली तर कारण लेखी घ्या आणि क्लॉजच्या शब्दांशी ताडून बघा. कागद कमी पडला असेल तर तो जोडून पुन्हा पाठवा. अट खरंच पूर्ण होत असूनही नाकारलं असेल तर विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, आणि ठाणे-नवी मुंबईसाठीचं कार्यालय आता ठाण्यातच आहे.

तुमचा एचबीए१सीचा ताजा आकडा आणि ग्रुप पॉलिसीतली खोलीची मर्यादा इथे लिहा. त्या दोन आकड्यांवरून ओव्हरड्राफ्ट किती लागेल ते सांगता येईल.